दोन कातरींचा कळप

"तुमच्या लेखनामागची प्रेरणा काय?" हा प्रश्न जगात ज्यानं पहिल्यांदा विचारला त्याला माझ्यासमोर उभा करा, मी त्याचे दोन्ही कान उपटते. पण त्या दिवशी समोर माइक धरून उभी होती संस्कृती, आमच्याच कॉलेजातली बारावीची पोर, आणि तिनं बिचारीनं कान उपटण्यासारखं काही केलं नव्हतं. प्राचार्यांनी लिहून दिलेला प्रश्न तिनं वाचला, एवढंच.

मी उज्ज्वला. अंबाजोगाईला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. तीन झाल्या. तिन्हींत निजामाचा काळ, एक खून, त्या खुनाचा माग काढणारा एक जमादार, आणि एकमेकांवर जीव टाकणारे दोन पुरुष. पहिलीवर लोकांनी नाकं मुरडली. दुसरीला बक्षीस मिळालं. मग तिसरीवर, 'बालाघाटचा जमादार'वर, कॉलेजनं कार्यक्रम ठेवला, हार आणला, नारळ आणला. आपल्याकडे बक्षीस मिळालं की सगळी पापं धुऊन निघतात.

"प्रेरणा म्हणजे जुनं दप्तर," मी ठोकून दिलं. "हैदराबादला पोलिसांचे उर्दू रिपोर्ट आहेत, पंचनामे आहेत. त्यात अशी माणसं सापडतात." टाळ्या पडल्या. खोटं, साफ खोटं. हैदराबादला मी एकदाच गेले, ती मावसबहिणीच्या लग्नाला, आणि उर्दू मला 'खैरियत' या शब्दापलीकडे येत नाही.

टाळ्या चालू असतानाच मांडीवरचा मोबाइल थरथरला. बजरंगचा मेसेज होता. बजरंग माझा चुलतभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, गावाकडे पोरांचा पुढारी. त्यानं एक फोटो पाठवला होता. कुणीतरी एका मेंढीचं डोकं दोन्ही कानांना धरून कॅमेऱ्यापुढे ओढलं होतं. डाव्या कानाच्या शेंड्याला उभी चीर. उजव्या कानाच्या मागच्या कडेला अर्ध्या रुपयाएवढी गोल खाच. खाली लिहिलं होतं, 'ताई, हेच का तुझ्या पुस्तकातलं?' आणि लगेच दुसरा मेसेज. 'चार वाजता भावकी बसायलीय. खांड फोडायची. नाथाला हाकलायचं.'

मला घाम फुटला. स्टेजवर, पंख्याखाली. पुढच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते देव जाणे.

हे कान समजले पाहिजेत, नाहीतर मी का घाबरले ते कळायचं नाही. आमची मेंढरं राखणारी भावकी. आमच्यात प्रत्येक घराची आपली एक कातर असते, म्हणजे मेंढराच्या कानाला मारायची खूण. कोकरू महिन्याचं झालं की घरधनी स्वतः चाकू लावतो, वर हळद-तेल दाबतो, झालं ते जनावर त्याचं. दुसऱ्याच्या जनावराला कुणी आपली कातर मारत नाही. चार कळप एकत्र चरले तरी कातरी वेगळ्याच राहतात. दोन कानांवर दोन घरांच्या कातरी आमच्यात फक्त एकाच प्रसंगी येतात. पोरगी सासरी निघाली की बाप तिला आंदण म्हणून दोन-चार मेंढ्या देतो. त्यांच्या एका कानावर बापाची कातर असतेच, दुसऱ्यावर नवऱ्याच्या घरची मारतात. त्यांच्या पोटच्या कोकरांनाही दोन्ही. दोन कातरी म्हणजे सोयरीक. हे भावकीत पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं आणि भावकीबाहेर कुणालाही नसतं.

माझ्या चुलत्याच्या, म्हाळूतात्याच्या खांडीत, म्हणजे कळपात, एकशेचाळीस मेंढरं आहेत. सगळीच्या सगळी दोन कातरींची. डावी चीर तात्याची. उजवी खाच नाथामामाची. नाथामामा आमच्या भावकीतला नाही, तो वडवणीकडचा. चाळीस वर्षांमागे स्वतःची पंधरा मेंढरं घेऊन तात्याच्या कळपात आला आणि परत गेला नाही. दोघांनी लग्न केलं नाही. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो, कारण काका म्हणता येत नव्हतं आणि काहीतरी म्हणायलाच लागतं. आणि त्या दोन कातरी सगळ्या भावकीनं चाळीस वर्षं पाहिल्या, पण तोंडातून कुणी ब्र काढला नाही. "सामायिक हाय त्यांचं," एवढंच म्हणायचे.

ते मी तिसऱ्या पुस्तकात घातलं. नावं बदलली, गाव बदललं, ऐंशी वर्षं मागे नेलं. पण कातरी? त्या तशाच ठेवल्या, डावी चीर, उजवी खाच. माझ्या जमादाराला खुनाचा माग लागतो तो त्या कानांवरूनच, आणि कादंबरीत तो सरळ म्हणतो, "या दोन गड्यांनी लग्न केलंय." वेगळी कातर रचायला मला पाच मिनिटं लागली असती. पण लिहिताना डोळ्यापुढे तेच कान यायचे, बदलवेनात. तेव्हा मी त्याला इमान म्हणायचे. आता म्हणते, हात दाखवून अवलक्षण.

तरी मला वाटायचं, आपली माणसं कुठं पुस्तकं वाचतात! खरंच वाचत नाहीत. पण प्रकाशकानं कादंबरी मोबाइलवर ऐकायला आणली, रोज एक भाग, फुकट. मी खूश झाले. पुण्याच्या बायका भाजी चिरताना ऐकतील, म्हटलं. अगं बये, दिवसभर रानात एकटा असतो, हात मोकळे असतात आणि खिशात मोबाइल वाजत असतो, तो कोण? मेंढरं राखणारा! एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही, आणि म्हणे मी रहस्यकथा लिहिते.

कार्यक्रम अर्धा टाकून मी उठले. प्राचार्य "मॅडम, जेवण..." करत राहिले. तात्याला फोन लावला, लागेना. नाथामामाला लावला, वाजून वाजून थांबला. बजरंगला लावला तर त्यानं उचलून, "तू येऊ नको ताई, गड्यामाणसाचं हाय," म्हणून ठेवून दिला. त्याच्या मागं पोरांचा हसण्याचा आवाज आला. राग असता तर परवडलं असतं.

तात्याचा कळप त्या आठवड्यात युसूफ वडगावला होता, भगवानराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात. हरभरा निघाला की रानात मेंढरं बसवतात, लेंड्यांचं खत पडतं म्हणून. मी स्कूटी काढली. दीड वाजला होता.

रस्त्यानं काय काय मनात आलं! आमच्या भागात माणसाला कशावरून मारतील सांगता येत नाही, आणि मारून झालं की "बदनामी झालती" म्हणून मोकळे होतात. तात्या सत्तर वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला भितो. नाथामामा वयानं त्याच्या मागचा-पुढचा, हडकुळा. त्या दोघांना धरायला चार पोरं कशाला लागतात? एक पुरे. मला दिसत होतं, नाथामामाला मोटरसायकलवर मधे बसवून नेतायत आणि तात्या मागं हात चाचपत उभा आहे. मीच लिहिलेले प्रसंग मला एकेक करून दिसत होते. खून लिहिणाऱ्या बाईला घाबरणं फार चांगलं जमतं.

संस्कृतीच्या प्रश्नाचं खरं उत्तरही तेव्हाच आठवत होतं. मी सातवीत होते. तात्याला घोणस चावली. नाथामामानं त्याला पाठीवर टाकून रस्त्यापर्यंत आणलं आणि ट्रकला हात करून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात. आमचं घर जवळ, म्हणून मला फॉर्म भरायला बोलावलं, मामाला लिहिता येत नव्हतं. नाव लिहिलं, वय लिहिलं. मग एक रकाना आला, 'रुग्णाशी नातं'. "मामा, काय लिहू?" मी विचारलं. तो वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तूच लिव बाई, तू शिकलेली." मी 'भाऊ' लिहिलं. अकरा दिवस तो माणूस त्या दारात घोंगडी टाकून बसला, आणि तात्यानं डोळे उघडले तेव्हा भिंतीला तोंड करून रडला. मी पाहिलं. भाऊ असं रडत नाहीत. त्या रकान्यात मी खोटं लिहिलं, ते मला आजवर पुरलंय. तीन कादंबऱ्या म्हणजे तोच रकाना परत परत भरणं.

आणि इतिहास का? तर मेलेल्यांना कुणी मारायला येत नाही म्हणून. निजामाच्या राज्यात नेऊन ठेवलं की आपली माणसं सुखरूप, असं मला वाटायचं. खून का? कारण मला भीतीच तेवढी नीट येते. बीएडला असताना शिवकन्या नावाची मुलगी माझ्या खोलीत राहायची. आमचं एकमेकींवर प्रेम होतं. हे वाक्य मी आज लिहितेय, तेव्हा तिच्या कानातसुद्धा बोलले नव्हते. तिचं लग्न ठरलं. मी तिच्या साडीला पिना लावून दिल्या, जेवले आणि एसटीनं घरी आले. ती "थांब" म्हणाली असती तर थांबले असते का? नसते. मी भित्री आहे. माझ्या तोंडाळपणावर जाऊ नका.

भगवानराव बांधावरच भेटले, पांढरी टोपी, हातात मोबाइल. "म्हाळूची पुतणी ना तुमी? बरं झालं आलात," ते म्हणाले. "सकाळधरनं दोनदा पोरं येऊन गेली. कळप कुठं हाय, किती जनावरं हायेत, इचारत होती. बाई, माणसं वंगाळ न्हाईत तुमची. पर मला माझ्या रानात रगताचा ठिपका नको. ह्या रातीला हालवा म्हणावं." मी हो म्हणाले. "कुठं आहेत?" "वढ्याच्या पल्याड, बाभळीखाली." रक्त हा शब्द त्यांनी सहज वापरला होता, मी मात्र ओढ्याकडे पळत सुटले.

ओढा ओलांडून गेले आणि पहिल्यांदा दिसलं ते रक्तच.

बाभळीखाली नाथामामा बसला होता. मांडीत एक मेंढी दाबलेली, हातात कातरीचा चाकू, शेजारी वाटीत हळद-तेल. मेंढीच्या उजव्या कानातून धार लागलेली, मामाच्या धोतरावर डाग. बाजूला आणखी दोन मेंढ्या मान झटकत उभ्या होत्या, त्यांचेही उजवे कान लाल. मी ओरडलेच.

"हळू बोल," मामा म्हणाला. "त्यो तिकडं बसलाय."

तात्या पन्नासेक पावलांवर वाघराच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, पलीकडे पाठ करून बसला होता. मोबाइल कानाला लावलेला. त्यातून एका बाईचा आवाज येत होता आणि ती माझी वाक्यं वाचत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, हे काय करायलात?"

"माझी कातर काढायलो." खाचेचा भाग तो सरळ कापून टाकत होता, म्हणजे कान नुसता आखूड दिसावा. "तीन झाली. चारपर्यंत काय सगळी व्हायची न्हाईत, पर म्होरली धा-पंधरा झाली तरी बास. त्यांला दिसंल की मी आपल्या हातानं निघालो. मंग त्याला कुनी हात लावनार न्हाई. खांड त्याची ऱ्हाईल. मी वडवणीला जातो, भाची हाय तिथं, बायना."

"तात्याला सांगितलं?"

"त्याला कशाला सांगू? त्याला म्हणलं, तू गोष्ट ऐक, मी लंगडीचे खूर बघतो."

"त्यांच्या बोटांना कळणार नाही? ते डोळ्यांनी बघतात का मेंढरं? कान चाचपून ओळखतात ना!"

मामाचा चाकू थांबला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं एकत्र राहून लक्षात आलं नव्हतं, कारण भीतीनं माणसाचं डोकं चालत नाही. "मंग काय करू गं?" त्यानं मला विचारलं. तो चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हाताऱ्यानं मला सल्ला विचारला. सातवीतल्यासारखाच. तू शिकलेली.

मी त्याचं मनगट धरलं आणि एवढंच म्हणू शकले, "आता नका कापू." आणि तेवढ्यात ओढ्याकडून मोटरसायकलींचा आवाज आला.

चार वाजायला अवकाश होता. ते लवकर आले होते. दोन गाड्या. पुढच्या गाडीवर बजरंग आणि त्याच्या मागं धुळाजी आण्णा, आमच्या भावकीतला सगळ्यात वयस्कर माणूस. मागच्या गाडीवर दोन पोरं, एकाच्या हातात बांबू. हसत होती. बजरंगनं गाडी स्टँडला लावली, केस नीट केले.

"ताई बी हाय. मंग इथंच सांग सगळ्यांम्होरं," तो म्हणाला. "पुस्तकात दोन गडी हायेत, दोन कातरी हायेत, त्यांनी लगीन केलंय म्हणून लिवलंस. हेच का ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वाघराच्या पलीकडचा मोबाइलचा आवाज बंद झाला होता, म्हणजे तात्याही ऐकत होता.

"नाही," मी म्हणाले. "ते हैदराबादच्या दप्तरात सापडलं. जुनं आहे. निजामाच्या वेळचं." सकाळचंच वाक्य. फक्त टाळ्या पडल्या नाहीत.

"बरं. मंग ह्या खांडीत दोन कातरी कावून?"

बजरंगनं पोरांना खूण केली. "खांड फोडा. आपली रीत साधी हाय, ज्याची कातर त्याचं जनावर. तात्याचं हिकडं, ह्याचं तिकडं. ह्याचं टेम्पोत घालून वडवणीला पाठवू, त्याच्यासकट."

पोरं वाघरात शिरली. एक मेंढी धरली, कान बघितले, सोडली. दुसरी धरली, सोडली. मेंढरं बिथरून एका कोपऱ्याला दाटली, धूळ उठली. पाच झाली, आठ झाली. "भाऊ, समद्यांला दोन्ही हायेत," एक पोरगं म्हणालं. "कोनती कुनीकडं घालू?"

बजरंगला हे आधी सुचलं नव्हतं. त्याचं तोंड लाल झालं. फुटायला जागाच नव्हती त्या कळपाला. मग त्याची नजर मामाच्या चाकूवर गेली, त्या तीन रक्ताळलेल्या कानांवर गेली, आणि त्याला उपाय सापडला.

"हे तर सुरूच केलंय की ह्यानं! नाथा, काढ बे तुझी कातर. ज्याची कातर त्यानंच काढायची असती, दुसऱ्याला हात लावता येत न्हाई. सगळ्यांची काढ. आमी बसतो इथंच."

बांबूवाला पोरगा मामाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला, पण मामानं मान खाली घातली आणि मांडीतल्या मेंढीचा कान परत हातात घेतला. मला ओरडायचं होतं. मी बजरंगची ताई, त्याला कडेवर घेऊन फिरलेली, त्याच्या मुस्काटात द्यायचा माझा हक्क होता. पण मी बांबूकडे बघत राहिले. माझा पाय उचलला नाही, हे मी लिहून ठेवते.

चाकू लागला. मेंढी ओरडली. आणि तात्या उठला.

काठी टेकत, वाघराच्या दोरीला हात लावत तो आला. वाटेत एका मेंढीला धडकला. आवाजाच्या अंदाजानं मामाच्या शेजारी उकिडवा बसला आणि मेंढीच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं सवयीनं डाव्या कानाकडे गेली, चिरेवरनं फिरली. मग उजव्या कानाकडे. तिथं तो थांबला. बोटं नाकाशी नेली.

"रगत कशाचं, नाथ्या?"

तात्यानं हात लांब करून दुसरी मेंढी चाचपली, तिसरी चाचपली. मग तो तसाच बसून राहिला. धुळाजी आण्णा खाकरला.

"बरं," तात्या म्हणाला. "काढायलास तर नीट काढ. माझी बी काढ."

"म्हाळू..."

"काढ म्हनतो ना! माझी कातर, माझं सांगनं हाय, भावकी बसलीय साक्षीला. दोन्ही कान साफ कर. एकशेचाळीसचे." मग त्यानं बजरंगचा आवाज आला होता तिकडे तोंड फिरवलं. "बजरंगा, बिनकातरीचं जनावर कुनाचं?"

बजरंगनं आण्णाकडे बघितलं.

"सांग की. तू रीत सांगायला आलास."

"ज्याच्या हाताला लागंल त्याचं," आण्णानं उत्तर दिलं.

"तर मंग. सोडून देतो समदी मोकळी. ज्याला लागतील त्यानं न्यावीत. आमी दोघं निघतो वडवणीला, भाची दोन भाकरी घालंल."

मी त्या पोरांकडे बघितलं. बांबूवाल्यानं बांबू खाली टेकला होता आणि तो मेंढरं मोजत होता. दुसरा त्याच्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी बोलत होता. बजरंगनंही ते पाहिलं. तात्यामागं, पुतण्या म्हणून, हा कळप त्याचाच होणार होता, ते त्यानं वर्षानुवर्षं मनात धरलेलं. एका दुपारीत तो त्याच्याच दोस्तांच्या टेम्पोत चढताना त्याला दिसला असणार. त्याचं पुढारीपण उतरलं, नुसता घाबरलेला पोरगा राहिला.

"आण्णा, तुमी सांगा काहीतरी," तो म्हणाला.

धुळाजी आण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. "काय सांगू? दोन कातरींचं जनावर जोडीतलं एक मरंस्तवर फुटत न्हाई. तुझ्या आज्याच्या आज्यापासनं हाय ही रीत. पुरं झालं. ठिव बे त्यो चाकू, नाथा." जोडी हा शब्द त्यानं म्हटला आणि जणू म्हटलाच नाही असा गाडीकडे वळला. माझ्याजवळून जाताना थांबला. "आन तू, पोरी. चाळीस साल आमी आंधळे झालतो, कावून झालतो ते कळलं का तुला? झाकली मूठ सव्वा लाखाची असती. तू उगडलीस."

एवढं बोलून तो गाडीवर जाऊन बसला.

गाड्या सुरू झाल्या. बजरंग शेवटी माझ्या कानाशी आला. "आण्णा किती दिस पुरनार हाय, ताई?" तो हळूच म्हणाला. धमकी दिल्यासारखा नव्हे, खरंच विचारल्यासारखा. मग तो गेला. धूळ बसली.

मामा हळद-तेलात बोट बुडवून कापलेल्या कानांना लावत होता. तीन कान. तात्या त्याच्या शेजारी बसून एकेका मेंढीला धरून देत होता. मी दोघांच्या पाया पडावं म्हणून वाकले, तर तात्यानं अंदाजानं माझा खांदा धरून खाली बसवलं.

"खोटं बोललीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "ते हैदराबादचं."

"तात्या, मला माफ करा. मी..."

"ते ऱ्हाऊ दे. उद्याचा भाग शेवटचा ना? आमची पैज लागलीय. नाथ्या म्हनतो, त्यातला एक मरतो. मी म्हनतो, न्हाई मरत. जो हरंल त्यानं पंधरा दिस पानी आनायचं. काय व्हतं गं?"

शेवटच्या भागात काय होतं ते मला तोंडपाठ आहे. एकाला केजच्या चौकात फाशी होते. दुसरा मेंढरं सोडून देतो आणि मांजरा नदीच्या पाण्यात चालत जातो. ते वाचून लोक रडले, समीक्षकांनी 'हृदयद्रावक' असा शब्द लिहिला. मी दिवसभरात दोनदा खोटं बोलले होते. तिसऱ्यांदा तोंडातून निघेना.

"मरतात, तात्या. दोघंही मरतात."

मामाचं बोट मेंढीच्या कानावर थांबलं. तात्यानं मान तिरकी केली, नीट ऐकू आलं नाही अशी.

"दोघं बी? कावून मारलंस?"

"भ्याले," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "मला दुसरा शेवट माहीतच नव्हता."

"भ्यालीस," तात्या म्हणाला. "आमी काय वाघ हाव का? चाळीस साल रोज भेतोव. गाडीचा आवाज आला की भेतोव. कुनी नुसतं राम राम म्हनलं तरी भेतोव. ह्ये बघ." त्यानं हात माझ्यापुढे धरला. तो खरंच थरथर कापत होता, मघापासून कापत असणार, आणि मला तो मेंढीच्या कानावर किती घट्ट वाटला होता. "भ्यालो. पर मेलो का?"

"पैज मी जिकली," नाथामामा म्हणाला. "पानी तू आनायचंस."

"आनतो की," तात्या म्हणाला. त्यानं घागर चाचपून उचलली, काठी घेतली आणि भलत्याच दिशेला निघाला. मामा धोतराला हात पुसत उठला, त्याच्या मागं गेला, त्याचं मनगट धरून त्याला ओढ्याकडे वळवलं. दोघं सावकाश उतरणीला लागले.

मी मेंढरांत बसून राहिले, रस्त्याकडे कान लावून.